छोटं रेस्क्यू कुत्रं पुन्हा पुन्हा जेवण सोडतं तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. कुत्रं पाच-सहा किलोचं, रस्त्यावरून उचललेलं किंवा शेल्टरमधून आणलेलं. नवं खाणं आणलं की पहिले काही दिवस वाडगं चाटूनपुसून साफ. मग एका सकाळी ते येतं, वास घेतं, तुमच्या तोंडाकडे बघतं आणि निघून जातं. तुम्ही वर चार तुकडे चिकन टाकता. ते चिकन वेचून खातं, बाकीचं तसंच ठेवतं. मग ब्रँड बदलतो. पुन्हा काही दिवस छान, पुन्हा तेच. हळूहळू कपाटात अर्धवट पिशव्यांची रांग लागते आणि घरातला प्रत्येकजण भरवण्याची स्वतःची एक युक्ती काढून बसतो.

यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे ‘वाडगं वीस मिनिटांनी उचला, भूक लागली की झक मारत खाईल.’ काही कुत्र्यांना हा उपाय अगदी बरोबर लागू पडतो, काहींना तो घातक ठरतो. फरक कशाने पडतो? कुत्रं का खात नाही, याने. कुणाला खाता येत नाही, कुणाची खायची हिंमत होत नाही आणि कुणाला कळून चुकलंय की थोडं थांबलं तर यापेक्षा चांगलं काहीतरी येतं. वाडगं उचलायचा उपाय फक्त या शेवटच्यासाठी आहे. दात दुखणाऱ्या किंवा घाबरलेल्या कुत्र्यावर तो वापरला तर त्याची उपासमार होते आणि वर आपण शिस्त लावतोय असं आपल्याला वाटत राहतं. रेस्क्यू कुत्र्यात ही कारणं बऱ्याचदा एकमेकांत गुंतलेली असतात. आज दात, पुढच्या महिन्यात भीती, मग सवय. म्हणून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि परत उगवतो.

वाट न बघता डॉक्टरकडे कधी

पूर्ण वाढलेलं, तब्येतीने ठणठणीत कुत्रं एखादं जेवण सोडतं, त्यात विशेष काही नाही. पण २४ तास काहीच पोटात गेलं नाही, किंवा न खाण्याबरोबर उलट्या, जुलाब, ताप, सुस्ती, पोट ताठर होणं, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या यांपैकी काही दिसलं, तर घरगुती प्रयोग बंद. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवत कुत्रं वारंवार वाकत असेल, तर बऱ्याचदा ते पोटदुखीचं लक्षण असतं.

पिल्लांना आणि दोन-तीन किलोच्या आतल्या कुत्र्यांना २४ तासांचीही सूट नाही. त्यांच्याकडे साखरेचा साठा फार थोडा असतो आणि काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर घसरू शकते. अंग थरथरणं, झिंगल्यासारखं चालणं, हाक मारली तरी नजर न स्थिरावणं, शेवटी झटके. असं दिसलं तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना चोळायचा (शुद्ध हरपत असेल तर घशात ओतायचा नाही) आणि तसंच दवाखाना गाठायचा.

आणखी एक प्रकार केवळ रेस्क्यू करणाऱ्यांच्या वाट्याला येतो. हाडं दिसतील इतकं खंगलेलं, अनेक दिवस उपाशी असलेलं कुत्रं घरी आणलं की मन भरून खाऊ घालावंसं वाटतं. तेच धोक्याचं असतं. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाणं मिळालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम कोसळू शकतं आणि वाचलेलं कुत्रं खाण्यामुळे दगावू शकतं. अशा कुत्र्याला पहिले काही दिवस किती द्यायचं आणि किती वेळा, हे डॉक्टरांनीच ठरवावं. सुरुवात गरजेच्या अंशाने, थोडं थोडं, अनेकदा.

खरंच कमी खातंय का, की आपल्याला तसं वाटतंय?

हा भाग बहुतेक लोक गाळतात. माझं प्रामाणिक मत असं आहे की छोट्या कुत्र्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या उष्मांकांचं एक सूत्र पशुवैद्यक वापरतात. किलोमधल्या वजनाचा ०.७५ वा घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. साध्या कॅल्क्युलेटरवरही जमतं. वजनाला वजनाने दोनदा गुणा आणि येणाऱ्या आकड्याचं दोनदा वर्गमूळ काढा. ५ किलोचं कुत्रं असेल तर ५ × ५ × ५ = १२५, वर्गमूळ ११.१८, पुन्हा वर्गमूळ ३.३४, गुणिले ७० म्हणजे साधारण २३४ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी याच्या १.४ ते १.६ पट धरतात. म्हणजे दिवसाला ३३० ते ३७५. आळशी कुत्र्याला त्याहूनही कमी पुरतं.

आता पाकीट बघा. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे आपल्या पाच किलोवाल्याचं दिवसभराचं जेवण जेमतेम ९०-१०० ग्रॅम, आणि दोन वेळा विभागलं तर एका वेळी पन्नास ग्रॅमच्या आत. वाडग्यात ते इतकं केविलवाणं दिसतं की हात आपोआप आणखी ओततो. मग ‘निम्मं टाकलं’ म्हणून आपण कष्टी होतो. त्याने टाकलेलं निम्मं मुळात जास्तीचंच होतं.

त्यात वरखाणं मोजा. चीजचा पाच ग्रॅमचा तुकडा म्हणजे २० किलोकॅलरी. पीनट बटरचा एक मोठा चमचा ९० च्या पुढे, म्हणजे या कुत्र्याच्या दिवसाचा पाव हिस्सा. दात साफ करण्याच्या चघळायच्या काड्यांवरही आकडा छापलेला असतो, तो वाचा. ट्रीट आणि वरखाणं मिळून दिवसाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये असा संकेत आहे. पाच किलोच्या कुत्र्यासाठी ही मर्यादा पस्तीस किलोकॅलरीच्या आसपास संपते. घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाने लाडाने एकेक तुकडा दिला, तर संध्याकाळचं जेवण नाकारणारं कुत्रं बिचारं पोट भरलं म्हणून नाकारत असतं.

वाढत्या पिल्लांच्या बाबतीत एक वेगळाच घोळ होतो. लहान चणीची कुत्री नऊ-दहा महिन्यांपासून वर्षापर्यंत पूर्ण वाढतात. वाढीच्या काळात त्यांना मूळ गरजेच्या दुप्पट-तिप्पट लागतं, वाढ थांबली की भूक सरळ खाली येते. नेमकी याच वयात बरीच पिल्लं दत्तक घरी स्थिरावलेली असतात आणि घरचे म्हणतात, ‘आधी किती छान खायचा, आता नखरे करतो.’

तेव्हा डोळ्यांवर न जाता काट्यावर जा. माणसांच्या वजनकाट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही युक्ती मोठ्या कुत्र्याला ठीक आहे. पाच किलोच्या जिवाला तो काटा फार ढोबळ पडतो. बाळांचा काटा मिळाला तर उत्तम, नाहीतर दवाखान्यातला. दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून लिहून ठेवायचं. पाच किलोतलं अर्धा किलो म्हणजे दहा टक्के, आणि एवढी घट लक्षात यायच्या आत होऊन जाते, विशेषतः केसाळ कुत्र्यात. काटा नसेल तर हाताने बरगड्या चाचपा. आपल्या पसरलेल्या हाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागाव्यात. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रं बारीक, तळहातासारखं मऊच मऊ लागलं तर जाड.

वजन स्थिर आहे, बरगड्या ठीक लागतायत, कुत्रं खेळतंय, शी घट्ट होतेय? मग ते पुरेसं खातंय. आपल्या मनातला आकडा बदलायचा, कुत्रं नाही.

नाकारण्याची तऱ्हा बघा

वजन खरंच उतरत असेल, किंवा कधी अधाशासारखं तर कधी काहीच नाही असं चालू असेल, तर दोन-तीन दिवस काहीही न बदलता नुसतं बघा. मोबाईल वाडग्याच्या दिशेने ठेवून द्या आणि खोलीबाहेर जा. कुत्रं वाडग्यापाशी काय करतं, यातून जितकं कळतं तितकं आपण पुढ्यात बसून कळत नाही.

उत्साहाने धावत येतं, एक दाणा उचलतं, खाली पाडतं, मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं, मऊ दिलं की लगेच संपवतं: तोंडात काहीतरी आहे. कुत्र्याला मोठेपणी ४२ दात येतात आणि ते सगळे त्या इवल्याशा जबड्यात बसवायचे असतात. दाटीवाटीत अन्न अडकतं, कीट जमतं, हिरड्या सुजतात. लहान जातींत दुधाचे दात न पडता पक्क्या दातांशेजारीच राहून जातात, तेही एक कारण. मोठं कुत्रं दोन दात दुखत असले तरी सबंध दाणे गिळून मोकळं होतं, छोट्याला चावावंच लागतं. पुढचे दात पांढरे दिसले म्हणून समाधान मानू नका. ओठ मागे सरकवून दाढा बघा, तोंडाचा वास घ्या. हिरडीखालचं मात्र भूल देऊन तपासल्याशिवाय आणि एक्स-रेशिवाय दिसत नाही.

वाडग्यापाशी येतं, हुंगतं, जीभ फिरवून ओठ चाटतं, घोट गिळतं, लाळ गळते, मग मान वळवून जातं, बाहेर नेलं की गवतावर तुटून पडतं: मळमळतंय. याला भूक असते पण खावत नाही. घरची माणसं नेमका हाच प्रकार लबाडी म्हणून वाचतात, कारण कुत्रं ‘येऊन, बघून, नको म्हणून’ जातं. सकाळी उठल्यावर पिवळा फेस ओकणारी आणि मग दुपारपर्यंत न खाणारी छोटी कुत्री बरीच असतात. रात्रीच्या लांब उपासाने रिकाम्या पोटात पित्त चढतं. त्यांना झोपण्याआधी दिवसाच्या हिश्शातलाच छोटा घास दिला की बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीची सकाळ सुधारते. इतका साधा उपाय लागू पडला तर छानच. आठवडाभरात फरक पडला नाही तर तपासणी.

येतो-जातो स्वरूपाचं न खाणं हे स्वतःच एक लक्षण आहे. जंत, गोचिडांतून येणारे आजार (एर्लिकिया, बबेसिया), मूत्रपिंड, स्वादुपिंड, आणि अ‍ॅडिसन म्हणून ओळखला जाणारा अधिवृक्क ग्रंथींचा आजार. हा शेवटचा तर दुसऱ्या कशाचंही सोंग घेतो. कुत्रं आठवडाभर मलूल, सलाईन लावलं की टुणटुणीत, महिन्याने पुन्हा मलूल. लहान जातींच्या काही पिल्लांत यकृताला वळसा घालणारी रक्तवाहिनी जन्मतःच असते. ती खुरटी राहतात, जेवणाला नाखूष असतात आणि जेवल्यानंतर गुंगल्यासारखी वागतात. रक्तातल्या पित्ताम्लांच्या तपासणीवरून संशय पक्का होतो. रेस्क्यू कुत्र्याचा पूर्वेतिहास कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून ‘स्वभावच तसा आहे’ हे अनुमान सगळ्यात शेवटी काढायचं.

दुरून मान ताणून घास उचलतं आणि पळून जाऊन पलंगाखाली खातं, तुम्ही हललात की थांबतं, रात्री सगळे झोपल्यावर वाडगं रिकामं होतं: भीती.

आणि वाडग्याजवळ बसून एकदा वाडग्याकडे, एकदा तुमच्याकडे बघतं, फ्रिजचं दार वाजलं की कान टवकारतात, हातातली ट्रीट टुणकन उडी मारून घेतं: हे गृहस्थ वाटाघाटीला बसलेत.

घाबरलेल्या कुत्र्याचं जेवण

रेस्क्यूवाले ३-३-३ असा एक आडाखा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रं बावरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक त्याच्या लक्षात येतं, तीन महिन्यांत ते खरं कोण आहे ते दिसू लागतं. हा शास्त्रीय नियम नव्हे, अनुभवाचा अंदाज आहे. पण पहिल्या आठवड्यातल्या न खाण्यावर मत बनवू नका, एवढं सांगायला तो पुरेसा आहे.

या काळात वाडगं उचलायचं नाही. एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायचं, जिथे कुत्र्याच्या पाठीशी भिंत असेल आणि दरवाजा दिसेल, आणि आपण तिथून निघून जायचं. वर वाकून बघायचं नाही, खाताना थोपटायचं नाही, ‘शाब्बास’ही म्हणायचं नाही. घरात दुसरं कुत्रं असेल तर दोघांमध्ये बंद दार हवं. काही कुत्री दुसऱ्याला बघून चढाओढीने खातात हे खरं, पण दबून राहणारं कुत्रं नुसत्या नजरेनेही जेवण सोडतं. ते दोघं भांडत नाहीत म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नये.

वाडगंही तपासा. धातूच्या वाडग्यात दाणा खडखडतो, गळ्यातल्या पट्ट्याचा बिल्ला कडेवर वाजतो, गुळगुळीत फरशीवर वाडगं सरकतं. खोल वाडग्यात छोट्या कुत्र्याचं तोंड आत गेलं की त्याला आजूबाजूचं दिसेनासं होतं. उथळ ताटली आणि खाली न सरकणारी चटई, एवढ्याने कधीकधी काम भागतं. आमच्याकडची छोटी अजूनही सिलिकॉनच्या चटईवरच जेवते. वाडग्याशी तिचं काय वैर आहे ते तिने आम्हाला सांगितलेलं नाही.

दुसरी अडचण अशी, की रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला कोरडे तपकिरी गोळे हे अन्न वाटतच नाही. त्याने आयुष्यभर ओलं, वासाचं, कुणीतरी टाकलेलं खाल्लेलं असतं. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या माणसाच्या मानाने फार कमी, सतराशेच्या आसपास. आपल्याकडे नऊ हजारांच्या घरात. त्याचा खरा निवाडा नाकाने होतो. म्हणून कोमट पाणी घालून दहा मिनिटं भिजवलेले दाणे, किंवा अंगाच्या उबेइतकं (३८-३९ अंश सेल्सिअस) गरम केलेलं ओलं खाणं, हे महागड्या ब्रँडपेक्षा जास्त काम करतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर ढवळून बोटाने तपासा, मध्येच चटका बसेल असा भाग राहतो आणि एकदा जीभ भाजली की त्या खाण्याला कायमची फुली. भिजवलेलं खाणं उन्हाळ्यात तासन्तास ठेवू नका.

हाताने भरवावं का? सुरुवातीला, हो. हातातून घास घेणं म्हणजे भरवसा, आणि तो हवाच आहे. पण बाहेर पडायची वाट आधीच आखून ठेवा: तळहातावर घास, मग हात ताटलीत ठेवून त्यावर घास, मग ताटलीत घास आणि हात शेजारी, मग हात लांब. काही कुत्र्यांना ताटलीपेक्षा चटईवर किंवा गवतात विखुरलेलं हुंगत शोधून खाणं फार आवडतं. त्यात भीतीही थोडी विसरते. हे लाड नाहीत, त्यांची जेवायची जुनी रीतच ती आहे.

जेवणात लपवलेली गोळी

हे कारण तपासात सहसा कुणी धरत नाही, म्हणून वेगळं लिहितोय. रेस्क्यू कुत्र्याच्या पहिल्या महिन्यात औषधांची रीघ असते: जंताचं, गोचीड तापाचं, जखमेसाठी अँटिबायोटिक. आपण ती गोळी जेवणात कुस्करतो. मेट्रोनिडाझोल भयंकर कडू असतं. डॉक्सिसायक्लिनने मळमळतं. कुत्र्याच्या डोक्यात मात्र हिशोब असा बसतो की या वासाचं खाल्लं आणि जीव कासावीस झाला. मळमळीशी जोडला गेलेला वास एका अनुभवातही कायमचा नावडता होऊ शकतो. मग औषध संपून आठवडे लोटले तरी ते खाणं नको असतं, आणि आपल्याला काही उलगडा होत नाही.

औषधाची गोळी रोजच्या जेवणात कधीच घालू नका. वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी, एरवी न मिळणाऱ्या एखाद्या मऊ घासात द्या: आधी रिकामा घास, मग गोळीचा, मग लगेच पुन्हा रिकामा. डॉक्सिसायक्लिन कोरडं गिळवू नका, ते अन्ननलिकेत अडकून जखम करू शकतं; मागून पाणी किंवा घास हवाच. आणि जे खाणं कुत्र्याच्या मनातून आधीच उतरलं आहे त्यावर त्याच्याशी झुंजू नका. वेगळ्या वासाच्या, वेगळ्या प्रथिनाच्या खाण्यावर जा, जुनं हळूच परत आणायचं की नाही ते नंतर बघू.

वाटाघाटी करणारं कुत्रं

तब्येत ठीक, दात ठीक, घरात रुळलेलं, वजन स्थिर, तरी रोज तमाशा. आता तो वाडगं उचलायचा उपाय. दोन किंवा तीन ठरलेल्या वेळा. मोजलेलं खाणं. पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात घरातले आपापल्या कामात, कुत्र्याकडे कुणी बघत नाही. वेळ संपली की वाडगं मुकाट्याने उचलायचं. रागावणं नाही, समजावणं नाही. पुढच्या वेळेपर्यंत ट्रीट बंद, पाणी कायम. लागोपाठ दोन जेवणं सोडली तर तिसऱ्या वेळी थोडं कोमट पाणी घालून मोहक करा. पूर्ण दिवस उलटला तर उपाय थांबवून डॉक्टरांना विचारा.

तीन-चार दिवसांनी कुत्रं आधीपेक्षा जास्त मागू लागेल: भुंकेल, पाय खरवडेल, वाडगं ढकलून पालथं करेल. जुनी युक्ती चालेनाशी झाली की ती आधी जोराने वापरून बघितली जाते. घरातलं सगळ्यात मऊ मन नेमकं इथे विरघळतं. आणि इथे चिकनचा एक तुकडा पडला तर कुत्रं ‘आणखी जोर लावायचा’ एवढंच शिकतं, आधीपेक्षा चिवट होतं. त्यामुळे हे सुरू करण्याआधी आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांचं एकमत हवं. ते नसेल तर सुरूच करू नका, अर्धवट करण्याने नुकसान जास्त.

वरचं चिकन एकदम बंद करायलाच हवं असं नाही. रोजचं प्रमाण ठरवा, बारीक कुस्करा, भिजवलेल्या दाण्यांत इतकं कालवा की वेचता येणार नाही, आणि दर काही दिवसांनी थोडं कमी करा. खाणं नाकारल्यावर मात्र वरून काहीही घालायचं नाही. जे द्यायचं ते वाडगं खाली ठेवण्याआधीच त्यात असावं. अख्खी मेख यातच आहे.

ब्रँड बदलण्याआधी

पाकिटावर हे खाणं कुत्र्याच्या त्या वयासाठी ‘संपूर्ण आणि संतुलित’ असल्याचं विधान बघा. आफको (AAFCO, अमेरिका) किंवा फेडियाफ (FEDIAF, युरोप) या पशुखाद्याच्या संस्थांच्या निकषांचा उल्लेख त्याच्याजवळ असतो. बदल सात ते दहा दिवसांत करायचा: आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब, जुलाबाबरोबर मळमळ, आणि नवं खाणंही बदनाम.

पिशवी जुनी तर नाही ना? उघडी राहिली की दाण्यांवरची चरबी खवट होते, आपल्याला कळायच्या आधी कुत्र्याला कळते. ‘महिनाभर खाल्लं, मग सोडलं’ याचं उत्तर कधीकधी नुसतं पिशवीच्या तळाशी असतं. छोट्या कुत्र्यासाठी मोठी स्वस्त पिशवी घेऊ नका. उघडल्यापासून साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढीच घ्या, आणि डब्यात ओतण्यापेक्षा पिशवीसकट डब्यात ठेवा.

कंटाळून घरचं शिजवून घालायचं ठरवलंत तर एक गोष्ट लक्षात असू द्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्क्यांत एक तरी आवश्यक घटक अपुरा होता, आणि काही पाककृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. नुसतं चिकन आणि भात चार दिवस पोट सांभाळायला उत्तम, महिनोन्‌महिने नाही. त्यात कॅल्शियम फारच कमी. पशुपोषण जाणणाऱ्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मांडून घेतलेलं घरचं जेवण मात्र खुशाल द्या. वरखाण्यात कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं पीनट बटर आणि शिजवलेली हाडं कधीच नाहीत. पाच किलोच्या शरीराला विषाची मात्रा लवकर भरते. पानातली तेलकट कडही नको, स्वादुपिंडाला सूज येण्याचं ते एक ओळखीचं निमित्त आहे.

सगळं रुळावर येऊन पुन्हा बिघडलं तर

वजनाच्या वहीतच शेजारी दोन शब्द लिहायची सवय ठेवा: लस, पाहुणे, फटाके, नवी पिशवी, उकाडा. लसीनंतर दिवसभर भूक मंदावते. उकाड्यात बहुतेक कुत्री सकाळी लवकर आणि रात्री उशिरा खातात, दुपारी नाही. नसबंदी न झालेली मादी माजाच्या दिवसांत कमी खाते, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी खोट्या गरोदरपणात पुन्हा सोडते. त्या वेळी खेळणी गोळा करून बसणं, स्तन सुजणं हेही दिसतं. कुटुंबातलं कुणी गावाला गेलं, घर बदललं, तर जुनी भीती वर येते आणि आपण पुन्हा पलंगाखालच्या टप्प्यावर. तेव्हा वाटाघाटीवाल्याचे नियम बाजूला ठेवून आधी कोपरा, ताटली, शांतता.

डॉक्टरकडे जाताना कुत्र्याबरोबर ती वही, वाडग्यापाशी काढलेला व्हिडिओ, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव न्या. ‘नीट खात नाही’ या तीन शब्दांवर डॉक्टर काय करणार? वजनाचा उतरता आलेख आणि ओठ चाटत मागे फिरणारं कुत्रं दाखवलं, तर तपासाला दिशा मिळते. भूक वाढवणारी औषधं आहेत. कॅप्रोमोरेलिन हे खास कुत्र्यांसाठीचं औषध, अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण कारण शोधण्याआधी ते मागू नका. मळमळणाऱ्या कुत्र्याला आधी मळमळीचं औषध लागतं, दात दुखणाऱ्याला भूल आणि दाताचा डॉक्टर. डॉक्टरांनी भुकेचं औषध दिलंच, तर ते किती दिवस चालवायचं, वजन कितीवर आलं की बंद करायचं आणि बंद केल्यावर पुन्हा कधी दाखवायचं, हे त्याच भेटीत विचारून वहीत लिहून घ्या.